डावीकडची पाठराखीण

परवा कुसुमताईच्या नातीचं, म्हणजे आमच्या श्रुतीचं, लग्न ठरलं आणि माझा फोन अचानक खणखणायला लागला. श्रुतीने तिच्या मैत्रिणींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला आहे. त्यात सगळ्याजणी एकाच रंगाच्या साड्या नेसणार, कोण मेंदी बघणार, कोण स्टेजवर उभी राहणार, कोण नवरदेवाचे बूट लपवणार, असं सगळं आधीच वाटून झालं आहे. मलाही त्यात घेतलं आहे. कशासाठी, ते अजून मला कळलेलं नाही. तिने मला विचारलं, “मावशीआजी, आजीच्या लग्नात तुझा रोल काय होता?” मी म्हटलं, “पाठराखीण.” तिने लगेच टाइप करून विचारलं, “म्हणजे सिक्युरिटी?” मी हसले, आणि मग वाटलं, पोरगी फार चुकली नाही.

आमच्या घरी लग्न म्हणजे आधी गोदाआत्या. आत्या घाटंजीला दिलेली होती, पण भावाकडे लग्न निघालं की ती पत्रिकेच्याही आधी येऊन पोचायची. कोणाचा मान कोणता, कोण कुठे उभं राहायचं, कोणी काय धरायचं, हे सगळं तिला तोंडपाठ. आमचं गाव बोरी अरबच्या अलीकडे. रस्त्यावर एसटी थांबायची, आणि आत्या उतरली की तिचा आवाज तिच्या आधी घरात यायचा. कुसुमताईचं लग्न निघालं त्या उन्हाळ्यात कपाशी विकून झाली होती, अंगण सारवून कोरडं खणखणीत झालं होतं, आणि आत्या निंबाखाली खाट टाकून बसली. एका हातात चहाची कपबशी, दुसऱ्या हाताने हुकूम.

“मामा नवरीले मांडवात आणन. त्यात बदल नाही. दादा कान पिळन. अन् दादा, जरा जीव लावून पिळजो. माह्या लग्नात तुह्या बापानं असा पिळला का तुहा फुफा आजूनबी त्या कानाले हात लावून पायते.” फुफा म्हणजे आत्याचे यजमान, आणि दादा म्हणजे आमचा थोरला भाऊ. तो नुकताच कॉलेजला जायला लागला होता आणि असल्या गोष्टींची त्याला लाज वाटायची. पण आत्या गेली की तो चुलत्याच्या पोरांचे कान धरून सराव करायचा, ते मी पाहिलं आहे.

“करवली वंदी,” आत्या म्हणाली. वंदी म्हणजे मी. “नवरीची पाठची बहीण. दिवा-करा घेऊन मागं उभी राहीन. अन् पाठराखीण मी.” तिने बशीतला चहा ओढला. मामला संपला.

पाठराखीण कशाला म्हणतात ते श्रुतीसाठी लिहिते. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर माहेरची एक बाई जाते. परतणीपर्यंत, म्हणजे नवरी पहिल्यांदा माहेरी परत येईपर्यंत, ती तिथेच राहते. नव्या घरात नवरीला पाणी कुठे, न्हाणी कुठे हे विचारायचीही लाज वाटते, तेव्हा ती विचारते. रडायला आलं तर पदराआड घेते. आमच्या कुळातल्या बहुतेक मुलींबरोबर गोदाआत्याच गेली होती आणि प्रत्येक घरून नवं लुगडं आणि त्या घरच्या वरणाबद्दलचं मत घेऊन परत आली होती. अमक्यांच्या घरी वरणात पाण्याशिवाय काही नाही, तमक्यांकडे तूप मागावं लागतं, हे आम्हाला तिच्याकडूनच कळायचं.

मला करवली व्हायचं होतं. करवलीला नवी परकर-चोळी मिळते, केसांत गजरा मिळतो, आणि मुख्य म्हणजे फोटोत नवरीमागे तिचं तोंड येतं. दारव्ह्याहून फोटोवाला येणार होता. मी आरशासमोर पितळी तांब्या धरून उभं राहण्याची तयारीही केली होती.

आणि माय म्हणाली, “वंदी पाठराखीण जाईन. करवली मीना.”

मीना म्हणजे आत्याचीच मुलगी. आत्याने कपबशी खाली ठेवली. “काहून व वयनी? मी काय मेली काय?”

“तसं नाही, बाई. तुमच्या गुडघ्याले तरास होते. दिग्रसले त्यायच्या घराले पायऱ्या आहे.”

“कोणाच्या गुडघ्याले?” आत्या उठली आणि गुडघे किती धड आहेत ते दाखवायला तिने अंगणात एक फेरी मारली. पण मीनाला करवलीचा मान मिळाला होता, तिला गजरा मिळणार होता, फोटोत ती येणार होती. आत्याच्या मनात दोन गोष्टींची तुलना झाली असावी, कारण थोड्या वेळाने ती नुसतीच फुरंगटून बसली. एरवी तिने बिऱ्हाड उचललं असतं. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला वाटलं, मला ताईच्या पेटीबरोबर सामान म्हणून पाठवताहेत.

माय मागून आली. दार लोटलं. “तुले माहीत आहे काहून ते.”

मला माहीत होतं. ताई लहान असताना तापात तिचा डावा कान फुटला आणि त्या कानाने तिला ऐकू येणं बंद झालं. उजव्या कानाने सगळं छान ऐकू यायचं, म्हणून बाहेर कोणाला कळलं नाही. आणि मायने कळू दिलं नाही. आमच्या घरात आम्ही सगळे न सांगता ताईच्या उजवीकडे बसायचो. डावीकडे बसायची ती मी. कोणी तिला डावीकडून काही बोललं की मी तिच्या हाताला बोट लावायचे आणि ती वळायची. हे मी शाळेत जायच्या आधीपासून करत होते, आणि मला वाटायचं सगळ्याच बहिणी असं करतात. आत्याला हे माहीत नव्हतं, कारण आत्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. आत्याला सांगणं म्हणजे घाटंजीच्या बाजारात दवंडी.

“तिच्या डावीकडून हलायचं नाही,” माय म्हणाली. “परतणीलोक निभावून ने. एकडाव तिनं घर हातात घेतलं का मंग कोण इचारते. माह्या गळ्याची शपथ.”

मी शपथ घेतली.

लग्न झालं. दादाने कान पिळला, तो इतक्या हळू की नवरदेवाच्या बाजूचे हसले आणि आत्या मांडवातून ओरडली, “अबे, कान आहे का जास्वंदीचं फूल?” मामाने ताईला आणलं. मीना फोटोत आली. त्या फोटोत माझं फक्त कोपर आहे, ताईच्या डावीकडे.

दिग्रसला पोचलो तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती आवाज. ताईच्या सासऱ्यांनी सारी उमर जिनिंग फॅक्टरीत रेच्यांजवळ काढली होती. सरकी वेगळी करणाऱ्या त्या मशिनी दिवसभर गडगडत राहतात. त्यांचे दोन्ही कान त्यातच गेले होते. आणि भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, घराला लागूनच पिठाची चक्की टाकली होती. ती सकाळी सुरू झाली की भांडी मांडणीवर थरथरायची आणि प्रत्येक गोष्टीवर पिठाची पातळ साय धरायची. त्यामुळे त्या घरात कोणी बोलायचंच नाही, ओरडायचं. “चहा घेता काय” हेसुद्धा गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. ताईच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, उंच, हाडाच्या, डोक्यावर पदर आणि पदरावर पीठ. त्यांची मुलगी शोभा माझ्याच वयाची. मला पहिल्या दिवशी वाटलं, घरात भांडण चाललं आहे. नंतर कळलं, ते प्रेमाने बोलत होते.

आणि माझ्या लक्षात आलं की ह्या घरात मला काही कामच नाही. सगळे समोर येऊन, डोळ्यांत बघून, बोंब ठोकून बोलायचे. ताईला दोन्ही बाजूंनी ऐकू यायचं. मायने सगळा जिल्हा धुंडाळला असता तरी ह्याहून बरं घर सापडलं नसतं. मी डावीकडे बसून कढी-गोळे खायचे. आत्याबाईंच्या हातची कढी अशी की डाळीचे गोळे जिभेवर विरघळायचे, वरून लसूण-मिरचीची फोडणी. गोदाआत्याला सांगायला मी मनात मत तयार करत होते.

फसलं ते लाइट गेल्यामुळे. सत्यनारायण झाला त्या संध्याकाळी लाइट गेली आणि चक्की थांबली. त्या घरात अशी शांतता पडली की मला माझ्या बांगड्या ऐकू आल्या. ताई ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसली होती. शोभाने मला नळावर चल म्हटलं, मी गेले. एवढ्यात काय होतंय, असं वाटलं. परत आले तर दारातून दिसलं, आत्याबाई ताईच्या डाव्या अंगाला येऊन बसल्या होत्या. चक्की बंद म्हणून त्या हळू बोलत होत्या. मी त्यांना हळू बोलताना पहिल्यांदाच पाहत होते. तोंड ताईच्या कानाजवळ, हात तिच्या पाठीजवळ गेलेला, पण टेकलेला नाही. आणि ताई आपली डाळीतले खडे काढत होती. वर पाहिलं नाही, मान हलवली नाही. आत्याबाई थोडा वेळ थांबल्या. मग हात मागे घेतला आणि उठून गेल्या. कळशी माझ्या कमरेवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दळण घेऊन आलेल्या शेजारणीला सांगत होत्या. चक्की चालू होती, म्हणजे ओरडूनच सांगत होत्या. “कामाले चांगली आहे. पण मगरूर आहे व बाई! म्या एवढ्या मायेनं इचारलं, पोट्टीनं मान वर केली नाही. डोक्यात हवा आहे तिच्या.”

मी जाऊन ताईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. “काय इचारलं होतं त्यायनं?”

“मले काय माहीत. मी नळावर होती.”

तिने लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, “मी सांगतो त्यायले.”

“ताई, नको व! मायनं शपथ घातली.”

“तुले घातली. मले नाही घातली.”

ताई अशीच होती. आजही अशीच आहे. आता तिच्या कानात छोटी मशीन आहे, आणि एखादं लांबलचक भाषण सुरू झालं की ती सगळ्यांदेखत मशीन काढून पर्समध्ये ठेवते.

दुपारी चक्की जेवणासाठी थांबली. सासरे आणि भाऊजी पाटावर बसले होते, आम्ही वाढत होतो. अंगणात दळणाला आलेल्या बाया डबे घेऊन सावलीत बसल्या होत्या. ताईने वरणाचं भगोणं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि सरळ सासूसमोर उभी राहिली.

“आत्याबाई, मले डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणापासून. काल तुमी काय इचारलं ते मले आलंच नाही.”

आत्याबाईंच्या हातात पोळी होती, ती तशीच राहिली. शोभाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. आता आम्हाला दोघींना पेटीसकट एसटीत बसवतील, एवढंच मला दिसत होतं.

“काय म्हणते?” सासरे म्हणाले. “काय म्हणते व सून? मीठ कमी आहे काय?”

कोणी सांगत नाही म्हटल्यावर ताईच त्यांच्याजवळ वाकली आणि त्या घराच्या रीतीने, पोटापासून आवाज काढून ओरडली, “मामाजी, मले डाव्या कानानं ऐकू येत नाही!”

इतकी वर्षं मायने जे पदराखाली झाकून ठेवलं होतं, ते अंगणातल्या बायांनी ऐकलं, समोरच्या सायकलवाल्याने ऐकलं, आणि मला वाटतं बसस्टँडवरच्या कंडक्टरनेही ऐकलं असावं.

सासऱ्यांनी घास गिळला. “एकच?” ते म्हणाले. “माहे तं दोन्ही गेले.” आणि वरणाची वाटी पुढे केली.

पण आत्याबाईंना हसू आलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या. “तुले माहीत होतं?”

“हो.”

“मंग आमच्यापासून लपवलं काहून? आमी काय खाटीक आहो?”

गोदाआत्या असती तर तिने त्यांना शब्दाला शब्द दिला असता. मला तसं येत नव्हतं. मी म्हटलं, “मायले भेव वाटलं का तुमी नाही म्हणसान. म्हणूनच तिनं मले पाठवलं. पण ताईनं लपवलं नाही. मी तिले नको म्हणत होती तरी तिनं सांगतलं. तुमाले राग धरायचा असन तं मायवर धरा, माह्यावर धरा. तिच्यावर नको.” माझ्या आयुष्यातलं ते पहिलं भाषण. पुढे शाळेत शिकवताना पुष्कळ केली, पण इतका घाम कधी फुटला नाही.

भाऊजी इतका वेळ ताटात बघत होते. भाताचं आळं करून त्यात वरण थांबवत होते. ते खाली बघूनच म्हणाले, “आई, मले माहीत होतं. साखरपुड्याच्या दिवशीच तिनं मले इहिरीजवळ सांगतलं.”

मी तोंड उघडं टाकून ताईकडे पाहिलं. म्हणजे सगळ्या लग्नात, मांडवात, वरातीत, एसटीत मी जी तिची डावी बाजू जिवापाड सांभाळत होते, ती ज्याच्यापासून सांभाळायची त्याला आधीच ठाऊक होती! ताईने खांदे उडवले. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आत्याबाईंनी पोळी ताटात टाकली. “म्हणजे तुले माहीत. इले माहीत. हिच्या मायले माहीत. या घरात मीच तेवढी बहिरी!”

सासऱ्यांनी दचकून वर पाहिलं. “आँ?” ते म्हणाले. “तू बी?”

अंगणातली एक बाई आधी हसली, मग शोभा, मग भाऊजींना ठसका लागला. आत्याबाई मात्र तरातरा आत निघून गेल्या आणि दुपारभर कोणाशी बोलल्या नाहीत. चक्की सुरू झाली. ताई भांडी घासत होती, मी राख देत होते, आणि दोघींना काही सुचत नव्हतं. नंतर हसणं सोपं असतं. त्या दुपारी ताईच्या गालावरून घाम ओघळत होता की दुसरं काही, ते मी बघितलं नाही.

दिवस कलताना आत्याबाई ओसरीवर आल्या. ताई वाती वळत होती. त्या तिच्याकडे न बघता तिला वळसा घालून उजवीकडे जाऊन बसल्या. चक्की चालूच होती, पण त्या ओरडल्या नाहीत. तोंड ताईच्या कानाशी नेऊन बोलल्या. ते शब्द मी डावीकडे बसून ओठांवरून वाचले, आणि नंतर ताईला विचारून खात्रीही केली.

“मायची आठवण येते काय, हे इचारलं होतं काल.”

ताई त्या घरात तोवर एकदाही रडली नव्हती. मग मात्र रडली. तिला पदराआड घ्यायचं माझं काम होतं, पण तो पदर आधीच दुसऱ्या कोणाचा झाला होता. मी वाती उचलून बाजूला ठेवल्या.

परतणीला बाबा न्यायला आले. आम्ही घरी पोचलो तेव्हा माय दारातच उभी होती. ताईला ओवाळायच्या आधी तिने मला बाजूला ओढलं. “कोणाले समजलं तं नाही ना?”

मला खोटंही बोलता येईना आणि खरंही. ताईच म्हणाली, “साऱ्या गल्लीले समजलं, माय. मीच बोंबलून सांगतलं.”

माय ओटीवर बसली. ओवाळणीचं ताट तिच्या मांडीवर तसंच. “मंग?”

“मंग काय. त्यायनं तुह्यासाठी कढीच्या गोळ्याची डाळ देली अन् सांगतलं का, इहिणबाईले म्हणा, मले एकडाव येऊन भेटा, मले त्यायच्याशी भांडायचं आहे.”

माय हसली नाही, रडलीही नाही. तिने नुसता श्वास सोडला, मोठा, लांब. इतकी वर्षं ती तो धरून बसली होती, हे मला त्या दिवशी कळलं. आतून गोदाआत्या विचारत होती, “वरण कसं होतं त्यायच्याकडे?” तिला कोणी उत्तर दिलं नाही. तिला बाकीचंही कोणी सांगितलं नाही. ते तिला घाटंजीला दुसऱ्याच कोणाकडून कळलं, आणि ह्याबद्दल ती आम्हाला अखेरपर्यंत बोलत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात शोभाचं लग्न निघालं. मी ताईकडे सुट्टीला गेले होते. पुसदहून आत्याबाईंच्या नात्यातल्या थोरल्या बाया आल्या होत्या, आणि ओसरीवर तोच बाजार भरला होता: मामा कोण, करवली कोण, कोणी काय धरायचं. पाठराखीण म्हणून त्यांच्यातली एक जाणती बाई आपणहून कंबर बांधून तयार होती. आत्याबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता त्या म्हणाल्या, “पाठराखीण आमची कुसुम जाईन.”

“अव, पण तिले तं...” ती बाई म्हणाली आणि तिने आपल्या कानाला हात लावला.

“होये. तिले एका कानानं येत नाही,” आत्याबाई चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या. “पण जे असन ते तोंडावर बोलते. माह्या पोरीजवळ असंच माणूस पायजे मले.”

ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, पाठराखीण म्हणून कोणाच्या घरी राहायला ती कधीच गेली नव्हती. संध्याकाळी ती सासूच्या मागे मागे स्वयंपाकघरात गेली. “आत्याबाई, तिथं जाऊन करायचं काय असते मी?”

आत्याबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं, थोडा विचार केला. “दुसऱ्यांदा भाजी घेते काय म्हणून कोणी इचारलं, का शोभी नाही म्हणन,” त्या म्हणाल्या. “तू म्हणजो, वाढा.”